टर्बो आणि मावरं

आमच्या गल्लीची रुंदी मी आयुष्यात पहिल्यांदा मोजली ती फेब्रुवारी २०२५मध्ये. आईची शिवणाची टेप घेऊन, रात्री अकरा वाजता. कोणी बघू नये म्हणून अकरा. पण वरळी कोळीवाड्यात कोणी बघत नाही अशी वेळच नसते. समोरच्या ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या काकांनी विचारलंच, "काय गो, घर इकतंस का काय?"

दीड मीटर भरली. वर दोन बोटं. आणि जी गाडी मी बुक करणार होते तिची रुंदी होती १.८ मीटर, आरसे वेगळे. म्हणजे गाडी माझी, पण घरापर्यंत ती कधीच येणार नाही, हे पहिल्याच रात्री नक्की झालं. तरीही मी घेतली. का घेतली, हे विचारणाऱ्यांची संख्या गाडीच्या ईएमआयपेक्षा जास्त आहे, म्हणून आजचा कॉलम.

आधी शंकानिरसन. गाडीचं नाव सांगणार नाही. ही जाहिरात नाही आणि कंपनीने मला एक किचेनसुद्धा फुकट दिलेली नाही. टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअर, छोटी एसयूव्ही, एवढं पुरे. तुमच्या ऑफिसच्या बेसमेंटमध्ये तशा निदान वीस उभ्या असतील. त्या सगळ्यांची लांबी चार मीटरला पाच-दहा मिलिमीटर कमी का असते, हा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? मलाही पडला नव्हता. पैसे भरायची वेळ आली तेव्हा पडला.

ही सगळी २००६च्या बजेटची करणी. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत (डिझेल असेल तर १५००), अशा गाडीची एक्साइज २४ टक्क्यांवरून १६ वर आणली. झालं! तेव्हापासून आपल्याकडच्या गाड्यांची मागची बाजू सुरीने कापल्यासारखी दिसायला लागली. बॉडी एसयूव्हीची हवी, इंजिन मात्र मिक्सरएवढं, मग ते ओढणार कसं? इथे टर्बो आला. २०१३मध्ये फोर्डच्या इकोस्पोर्टने एक लिटरचं टर्बो इंजिन आणून लोकांना चाट पाडलं. पुढे २०१७मध्ये टाटांची नेक्सन आली. डिसेंबर २०१८मध्ये तिला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. ती बनते आपल्या रांजणगावात. महिंद्राची थ्री एक्सओ नाशकात, स्कोडाची कायलाक चाकणला. म्हणजे घाट चढायला लागतं ते इंजिन घाटावरच तयार होतं. आणि गंमत म्हणजे या तिन्हींच्या टर्बो पेट्रोल इंजिनांना सिलिंडर तीनच.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा गाडीबद्दल बोलले. "तीन? माझ्या होडीला दोन हायत. एकच जास्त घेतलास व्हय?"

त्याआधी महिनाभर ते गप्प होते. ते का गप्प होते, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मार्च २०२४. कोस्टल रोडच्या वरळी ते मरिन ड्राइव्ह या बाजूचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्याच दिवशी मला एका पुरवणीतून फोन आला. चारशे शब्द, फर्स्ट पर्सन, फुल टू धमाल, संध्याकाळपर्यंत हवं. मैत्रिणीची टर्बो गाडी मागून घेतली. वरळी सीफेसवरून आत शिरले, डावीकडे हाजी अली, उजवीकडे समुद्र, मग मलबार हिलच्या खालून जाणारा दोन किलोमीटरचा बोगदा, आणि डोळे मिचकावेपर्यंत मरिन ड्राइव्ह. दहा मिनिटं! ज्या अंतराला मी कॉलेजात असताना बसमध्ये एक झोप काढायचे ते अंतर. तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला, टर्बोने पाठीत एक हलकी थाप मारली आणि मी त्याच क्षणी ठरवलं, बॉस, आपल्याला ही गाडी पाहिजे. लेखात मी रस्त्याचं वर्णन करताना कुठली विशेषणं वापरली ते इथे परत लिहीत नाही. लाज वाटते.

लेख छापून आला. बाबांनी वाचला. पेपरची नीट घडी घातली आणि आईकडे दिला. आईने त्यात बोंबील बांधले. दोघांपैकी कोणी एक शब्द बोललं नाही.

माझ्या चारशे शब्दांत क्लीव्हलँड बंदर नव्हतं. आमच्या होड्या जिथून समुद्रात जातात ते बंदर. कोस्टल रोड सी लिंकला जोडायचा म्हणून त्या बंदराच्या तोंडावरून पूल जाणार होता आणि त्याच्या दोन खांबांमधलं अंतर ठरलं होतं ६० मीटर. कागदावर ६० मीटर खूप वाटतात. होडीची रुंदी ती किती! पण खांबापाशी पाणी सरळ वाहत नाही, ते खांबाला आपटून फिरतं. पावसाळ्याच्या तोंडावर वारा, लाटा, ओहोटीचा ओढा, समोरून येणारी दुसरी होडी... आमच्या लोकांनी मागितले २०० मीटर. वरळी कोळीवाडा नाखवा मत्स्य व्यवसाय सहकारी सोसायटी तर त्याआधीच कोर्टात गेलेली होती. जुलै २०१९मध्ये हायकोर्टाने रस्त्याची सीआरझेड परवानगी रद्द केली आणि डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. काम पुन्हा सुरू. मग २०२१-२२मध्ये होड्या समुद्रात आडव्या घातल्या गेल्या. बाबांची होडी त्यात होती. मी तेव्हा मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला होते आणि 'पीपल्स मूव्हमेंट्स' नावाच्या पेपरसाठी चिपको आंदोलनावर प्रोजेक्ट करत होते. खरंच. खिडकीतून होड्या दिसत होत्या आणि मी चिपको.

शेवटी डिसेंबर २०२२मध्ये तडजोड झाली. मधला आठ नंबरचा खांब काढून टाकायचा, सात आणि नऊमधलं अंतर १२० मीटर ठेवायचं. मागितलेलं नाही, पण दिलेल्याच्या दुप्पट. बाबांच्या आयुष्यात त्यांनी सरकारकडून एवढी एकच गोष्ट मिळवलेली आहे: एक न बांधलेला खांब. आणि त्यांच्या पोरीने त्या रस्त्यावर चारशे शब्द लिहिले, त्यात तो खांबसुद्धा नव्हता. म्हणजे नसलेला खांबही नव्हता. तुम्हाला कळतंय ना मला काय म्हणायचंय?

तर अशा घरात मी टर्बो आणली.

गाडी ३० मार्च २०२५ला आली, गुढीपाडव्याला. कर्जाची कथा छोटी करते. फ्रीलान्सर म्हटल्यावर बँकेतला माणूस आपल्याकडे तसा बघतो जसं आई बर्फात चार दिवस ठेवलेल्या पापलेटाकडे बघते. तीन वर्षांची रिटर्न्स, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आणि "मॅडम, फिक्स इन्कम कुणाची आहे घरात?" कुणाचीच नाही हो. समुद्राला कुठे पे-स्लिप असते! शेवटी आठ लाख मिळाले, सात वर्षं, महिना तेरा हजाराला किंचित कमी. दर पाच तारखेला. माझी बिलं साठ ते नव्वद दिवसांनी निघतात, पाच तारीख मात्र दर महिन्याला येते. आणि सप्टेंबर २०२५मध्ये काय झालं, माहितीये? छोट्या गाड्यांवरचा जीएसटी, सेस धरून २९ टक्के होता तो, १८वर आला. माझ्या मॉडेलची किंमत ऐंशी हजारांहून जास्त उतरली. त्या दिवशी ऑफिसातल्या कुठल्याही सहकाऱ्याने 'कंग्रॅट्स' म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावरून गाडी घातली असती, दुसऱ्या गिअरमध्ये.

गोल्फादेवीला नारळ, चाकांखाली लिंबं, बॉनेटवर हळदीकुंकू. सगळी गल्ली आली होती, कारण गाडी गल्लीत येणार नव्हती. समोरचे काका पुन्हा, "ही गारी हाय का होरी?" बाबा आले नाहीत. होडीचं काम आहे म्हणाले. पार्किंग मी गावाबाहेरच्या एका सोसायटीच्या आवारात घेतलंय, महिना अडीच हजार. घरापासून सात मिनिटं चालत. २०२५च्या मे महिन्यात परिवहनमंत्री प्रताप सरनाईक म्हणाले होते की पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होऊ देणार नाही. ते ऐकून आमच्या अख्ख्या कोळीवाड्याने हसून घेतलं. इथे माणसाला उभं राहायची जागा दाखवता आली तर पुष्कळ.

आता चालवण्याबद्दल, कारण तुमच्यातले अर्धे जण त्यासाठीच इथवर आलेत.

टर्बो ही चीज साधी आहे. इंजिनातून बाहेर पडणारा जळका धूर एरवी फुकट जातो, त्या धुराच्या जोरावर एक छोटी पंख्यासारखी चक्री फिरवायची, मिनिटाला लाखाच्या वर फेरे. ती चक्री दुसरी चक्री फिरवते, दुसरी बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून छोट्या इंजिनातून मोठ्याची ताकद. कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५मध्येच पेटंट घेतलं होतं. फक्त एक अडचण: धूर पुरेसा झाल्याशिवाय चक्री जोर धरत नाही. माझ्या गाडीत हा जोर साधारण १,७५० आरपीएमला येतो. त्याच्या खाली ती गाडी नाही, ती सरकारी फाइल आहे. वरळी नाक्याच्या सिग्नलला पहिल्या आठवड्यात मी इतक्या वेळा बंद पडले की मागच्या काळी-पिवळीवाल्याने खाली उतरून विचारलं, ताई, नवीन आहे का? गाडी म्हणाला की ड्रायव्हर म्हणाला, कोण जाणे.

मुंबईत, खरं सांगते, टर्बोचा उपयोग दिवसातून एकूण दीड मिनिट होतो. बाकीचा वेळ क्लच, पहिला, क्लच, दुसरा, क्लच, पहिला. डावी पोटरी माझी आता टेनिस खेळाडूसारखी झाली आहे. ब्रोशरमध्ये अ‍ॅव्हरेज सतराच्या पुढे लिहिलंय, माझी शहरात दहा देते, लाडात आली तर अकरा. २०२५मध्ये मुंबईत पेट्रोल लिटरला १०३ रुपयांच्या वर होतं, पुढचा गुणाकार तुम्ही करा. कोस्टल रोडवर सरळ पट्ट्यात मर्यादा ८०, बोगद्यात ६०, वळणांवर ४०. कॅमेरे आहेत. ज्यांना वाटतं की तिथे टर्बो 'उघडता' येतो, त्यांच्यासाठी चलनाचं कोटेशन मी पर्सनली पाठवू शकते. पण वर येणाऱ्या रॅम्पवर, चाळीसवरून ऐंशीला जाताना, गाडीत तिघं आणि एसी फुल असताना, ती जी खेचते ना... त्या चार सेकंदांसाठी मी आणखी चार वर्षं ईएमआय भरेन. ही अक्कल आहे असं माझं म्हणणं नाही.

मेट्रो असताना गाडी कशाला, असं विचारणारे आहेतच. १० मे २०२५पासून अ‍ॅक्वा लाइन वरळीपर्यंत आली, ऑक्टोबरात थेट कफ परेडपर्यंत. मी जाते मेट्रोने, एकटी असले की हमखास. पण मेट्रोत मावऱ्याची पाटी नेता येत नाही. त्यावर येते.

२६ मे २०२५. मान्सून इतक्या लवकर मुंबईत येण्याची नोंदींतली ती पहिलीच वेळ. सकाळी दहाला मला परळला मीटिंग होती आणि बाहेर आभाळ फाटलं होतं. मी किल्ली घेतली. दोनशे मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स कशासाठी घेतलाय, नाही का? दारात बाबा. दोन महिन्यांत त्यांनी गाडीवर फक्त त्या सिलिंडरची कोटी केली होती. म्हणाले, "आज अमावास्या लागते. साडेअकराला भरती. हा पाऊस नाय थांबत तवर. आता गेलीस तर रस्त्यात मध्येच बसशील."

मी म्हटलं, बाबा, ही एसयूव्ही आहे.

ते म्हणाले, "समुद्राला नाय म्हायत."

शाळेत आपण भरती-ओहोटी शिकतो आणि विसरतो. कोळ्याला पंचांग बघितलं की पुरतं. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास भरती, अष्टमीला सहाच्या आसपास, आणि मधे रोज पाऊण-एक तास पुढे. आता यात गाडीवाल्यांचा संबंध काय? तर शहराचं पावसाचं पाणी गटारांतून समुद्रात जातं. भरती मोठी असली की समुद्रच गटारात यायला बघतो, म्हणून मुखाची दारं बंद करावी लागतात आणि पाणी पंपाने उपसून टाकावं लागतं. त्यासाठीच तर आमच्या वरळीत लव्हग्रोव्ह आणि क्लीव्हलँड ही पंपिंग स्टेशनं आहेत. भरती आणि ढगफुटी एका वेळी आली की पंप तरी किती ओढणार. म्हणजे सकाळी साडेदहाला आणि दुपारी अडीचला सारखाच पाऊस पडला तरी रस्त्यावरचं पाणी सारखं नसतं. हे मला हवामानाच्या कुठल्या अ‍ॅपने आजवर सांगितलेलं नाही.

मी अर्थातच गेले. आणि अर्ध्या वाटेत समोरच्या बसची चाकं दिसेनाशी झाली तेव्हा बाबांना फोन केला. त्यांनी विचारलं कुठे आहेस, मी नाव सांगितलं. डावीकडे चढावर घे, इंजिन बंद कर, दीडपर्यंत हलू नकोस. पाण्यात बंद पडली तर परत चालू करू नकोस, पाणी आत ओढेल. हे शेवटचं वाक्य अक्षरशः गाडीच्या मॅन्युअलमध्ये आहे. बाबांनी मॅन्युअल वाचलेलं नाही. त्यांनी आयुष्यभर पाण्यातलं इंजिन सांभाळलंय. मी तिथे अडीच तास वडापाव खात बसले आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्यापेक्षा महागड्या दोन एसयूव्ही पाण्यात उतरून गप्प झाल्या. त्याच दिवशी आचार्य अत्रे चौकाच्या, जेमतेम पंधरवड्यापूर्वी उघडलेल्या मेट्रो स्टेशनात पाणी शिरल्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरत होते. दीडनंतर पाणी खरोखर उतरायला लागलं. पंचांगाबरहुकूम.

संध्याकाळी बाबा पहिल्यांदा पार्किंगपर्यंत चालत आले. गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं, चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवून जिभेला लावलं. "खारट. गोड्या पाण्याने धू. वरनं नको, खालनं धू. नायतर दोन वर्षांत हिचा पत्रा पापडासारखा होईल." होडी किनाऱ्याला आली की करतात ते हे. वरळीत, समुद्रापासून दगड मारण्याच्या अंतरावर गाडी ठेवणाऱ्या सगळ्यांनी हे कापून ठेवा. सर्व्हिस सेंटरवाले यासाठी चार हजारांचं कोटिंग सुचवतात, तेही मी केलं, पण दर रविवारी नळीने खालून धुणं बाबांनी स्वतःकडे घेतलंय.

मग त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं. टर्बो दाखव म्हणाले. मी तरी कुठे पाहिला होता! त्यांनीच शोधला, तांबूस झालेला, गोगलगायीसारखा. हा तर ट्रॉलरला असतो, म्हणाले, ससून डॉकच्या मोठ्या बोटींना. घरी येऊन मी शोधलं तर गंमत कळली. टर्बो पहिल्यांदा नीट वापरात आला तोच मुळी जहाजांच्या डिझेल इंजिनांवर, १९२०च्या दशकात. गाड्यांकडे तो फार उशिरा आला. म्हणजे मी ज्या वस्तूवर एवढी फिदा होते ती आमच्याच धंद्यातली निघाली. "गारी हाय का होरी" या प्रश्नाचं उत्तर काकांना देऊन टाकलं.

जून-जुलै मासेमारी बंद. होडी वर काढलेली, इंजिन उघडलेलं. जूनमध्ये एका दुपारी बाबांना सामानासाठी नागदेवीला जायचं होतं, मी सोडते म्हटलं. गॅस्केट, दोन बेअरिंगं, एक पाइप, दोन तास घासाघीस. परतताना कोस्टल रोड. ते एक शब्द बोलत नव्हते. हाजी अली गेलं. वरळीला उतरायचा फाटा जवळ आला तसा मी इंडिकेटर दिला, तर म्हणाले, "सरळ घे."

सरळ म्हणजे सी लिंकला. सरळ म्हणजे तो पूल.

मी सांगायला हवं की बाबा सी लिंकवरूनही कधी गेले नव्हते. ३० जून २००९ला तो सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते, शाळेतून आम्हाला बघायला नेलं होतं. बाबांनी दोन्ही पूल सोळा वर्षांत फक्त खालून पाहिलेत. दुचाकी तिथे चालत नाही, टॅक्सीने बांद्र्याला जायचं काम पडलं नाही.

कमान आली. एप्रिल २०२४मध्ये न्हाव्याहून बार्जवर लादून समुद्रातून आणलेली, दोन हजार टनांची. बाबांनी काच खाली केली. डावीकडे खाली बघत होते. "सात," म्हणाले. नंतर काही नाही, नुसतं पाणी, एक पिवळी होडी शाकारून ठेवलेली लांब किनाऱ्याला. "नऊ."

साठच्या स्पीडने १२० मीटर म्हणजे सात सेकंद. मी नंतर हिशोब केला.

"थांबव जरा."

"बाबा, पुलावर थांबता येत नाही."

"बरं."

बांद्र्याला शंभर रुपये टोल भरला. सिग्नलला मी विचारलं, कुठे जायचंय? ते म्हणाले, "परत." पुन्हा टोल. परतीच्या वेळी मी चाळीसवर आणली, मागचा ऑडीवाला हॉर्न मारून मारून निळा पडला असेल. या वेळी बाबांनी मोजलं नाही. म्हणाले, वरनं किती बारीक दिसतो गो तो रस्ता आमचा. पाण्याच्या वाटेला ते रस्ताच म्हणतात. मग थोडं थांबून, "पण जाते होडी." आणि काच वर केली, एसी चालू होता म्हणून.

तुम्हाला वाटेल आता मी कोस्टल रोडवर काहीतरी ठाम मत देईन. माझ्याकडे दोन आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. खडकांतली शेवंडं, कालवं, खेकडे जिथे बाबा लहानपणी हाताने काढायचे तिथे भराव पडला. ते परत येणार नाही, माझ्या कुठल्याही लेखाने नाही. आणि मी आठवड्यातून तीनदा त्या रस्त्यावरून जाते आणि मला आवडतं. हे दोन्ही एकाच पोटात घेऊन क्लच सोडायचा.

राहिली आई.

आई पहाटे साडेचारला टॅक्सीने ससून डॉकला जाते, मावरं घेते, सातपर्यंत बाजारात बसते. तीस वर्षं. पाट्या बघितल्या की टॅक्सीवाले लांबूनच मान हलवतात, थांबतो तो जास्तीचे मागतो. गाडी घेताना माझ्या डोक्यात, टर्बोच्या मागे कुठेतरी, हे होतं. पण कोस्टल रोड सकाळी सातला उघडायचा. सातला आईचा अर्धा दिवस संपलेला असतो. १५ ऑगस्ट २०२५पासून तो चोवीस तास सुरू झाला आणि मी आईला म्हटलं, उद्यापासून मी नेते.

ती नाही म्हणाली. नव्या गाडीत मावरं? सीटला वास लागेल, तुझे ऑफिसवाले बसतात, काय म्हणतील. मी म्हटलं, डिकीत ताडपत्री टाकू. ती म्हणाली, पाणी गळतं. मी म्हटलं, डबे आणू झाकणाचे. ती म्हणाली, तू पहाटे चारला उठशील? तिथे मात्र मी जरा अडखळले.

आठवड्यातले दोन दिवस ठरले, बुधवार आणि शुक्रवार. पहिल्या दिवशी बोगद्यात शिरल्यावर आईने पदर डोक्यावर घेतला, देवळात घेतात तसा. बारा मिनिटांत मरिन ड्राइव्ह, अठरात डॉक. ती म्हणाली, एवढ्यात? आणि मग घड्याळ बघून, "मग आता बोली लागेपर्यंत काय करायचं?" तिच्या तीस वर्षांच्या पहाटेत मोकळी वीस मिनिटं पहिल्यांदा आली होती. आम्ही गाडीत बसून चहा प्यायलो. ती झोपली, सीट मागे करून, तोंड उघडं टाकून.

वास लागलाच. बर्फाचं पाणी ताडपत्रीतून कुठून तरी सापडतंच. मी कॉफी पावडर ठेवली, लिंबू ठेवलं, ऑनलाइन मागवलेला चारकोल ठेवला. मागच्या आठवड्यात एका एजन्सीतली क्लायंट सर्व्हिसिंगची मुलगी बसली, दोन सिग्नल गप्प राहिली आणि मग म्हणाली, "इज इट... सुरमई?" पापलेट होतं, पण मी म्हटलं हो.

आई उतरताना गिअरच्या मागे कप ठेवायची जी जागा असते ना, त्यात दर खेपेला दोनशे रुपये ठेवते. टॅक्सीचं भाडं. मी घेत नाही म्हटलं तर म्हणते, "तुना नाय देत. हप्त्याला देते." ओल्या, खवल्यांच्या नोटा. त्या मी तशाच साठवते आणि महिन्याच्या चार तारखेला एटीएमच्या मशीनमध्ये भरते. गेल्या महिन्यात मशीनने त्यातल्या तीन परत फेकल्या. वाळवून पुन्हा घातल्या, मग घेतल्या.